43 की 55

चि. सोनूस,



परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, 43 इंची घेऊ की 55?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणालीस, "की घेऊच नको? सगळ्यांच्या हातात फोन आहेतच." पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तुमच्या सोफ्यापासून भिंत आठ-नऊ फुटांवर, 55 चांगला दिसेल, 43नंही काही अडणार नाही. दुसऱ्यासाठी मात्र पत्र लिहायला बसलो. चाळीस वर्षं लोकांच्या घरचे टीव्ही मागून उघडले, म्हणून थोडं बोलायचा हक्क घेतो.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागलं. मी धंद्यात शिकाऊ म्हणून आलो तेव्हा पेठेतल्या सगळ्या गच्च्यांवरच्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या असायच्या. मी वर पाइप फिरवायचा आणि खिडकीतून कुणीतरी ओरडायचं, "मुंग्या गेल्या! अरे थांब, परत आल्या!" त्या सेटांना चॅनेल बदलायचा एक गोल खटका असे, बारा घरांचा. लागायचं त्यातलं एकच. त्यामुळे तो खटका कायम नवाकोरा आणि शेजारचं आवाजाचं बटण झिजून गुळगुळीत. घरात भांडण व्हायचं ते आवाज किती यावरून. काय बघायचं हा प्रश्नच नव्हता, दूरदर्शनच्या वरळीच्या केंद्रावरून येईल ते बघायचं.

तुझी आई, म्हणजे आमची आक्का, सदाशिव पेठेत वाढली, विळा कधी हातात धरला नाही. पण 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम बघून बघून कपाशीवरच्या बोंडअळीला कुठलं औषध मारतात ते घडाघडा सांगायची. आवडायचं म्हणून नव्हे गं. पुढचं काहीतरी लागायचं होतं, तोवर उठलं तर जागा जायची.

आता यावरून तू असं समजू नकोस की तेव्हा घरोघर प्रेमाचे पाट वाहत होते. एका दिशेला तोंड करून बसायचे, एवढंच. पाहुणा आला तर मान हलवून 'बसा' म्हणायचे आणि पुन्हा समोर. काही घरांत पिक्चर सुरू झाला की शेजारच्या पोरांना बाहेर काढून दार लावायचे. अशा एका उंबऱ्यावर मीही बसलोय. 1987-88 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या आईनं ते सगळं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहिलं, एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून. लोक सेटला हार घालायचे ही गोष्ट सगळे कौतुकानं सांगतात. त्या ओल्या हाराचं पाणी मागच्या जाळीतून आत ठिबकायचं आणि सोमवारी मला बोलावणं यायचं, ते कुणी सांगत नाही.

मग 1992 नंतर केबल गल्लोगल्ली आली, 1999 मध्ये अल्फा मराठी आलं आणि घरात रिमोट राज्य करू लागला. रिमोट दुरुस्तीला आला की मी आकडे बघायचो. कुठले पुसलेत त्यावरून त्या घरात कुणाचं चालतं ते कळायचं. क्रिकेटचं चॅनेल पुसलेलं घर वेगळं, मालिकांचं वेगळं. दोन्ही सारखेच पुसलेले असले की समजायचं, इथं रोज जुंपते. मला ती जुंपणारी घरं बरी वाटायची. निदान कुणाला काय हवंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं. पुढे लोकांनी भांडण मिटवायला बेडरूममध्ये दुसरा टीव्ही घेतला. ते बसवून मी चार पैसे केले, नाकारत नाही. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावात गेला आणि दुसऱ्या टीव्हीचीही गरज उरली नाही. फोनच्या काचेवर काहीच झिजत नाही. कोण काय बघतं, पत्ता लागत नाही.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे जेवायला आलो होतो. जावई लॅपटॉपवर, तू फोनवर, चिरंजीव टॅबवर. हात धुवायला आत गेलो तर आक्का पलंगावर, कानात बोंडं घालून, तळहाताएवढ्या पडद्यावर मालिका बघत होती. म्हटलं, "बाहेर का नाही बसत?" म्हणाली, "हसतात रे सगळे."

हसण्यासारखंच आहे, मान्य. त्या मालिकेतल्या बाईची स्मृती आत्तापर्यंत किती वेळा गेली आणि आली, कुणी मोजलं नसेल. पण पूर्वी तू तिच्यासमोर हसायचीस आणि ती तुला चार शब्द सुनवायची. मालिका संपेपर्यंत निम्मं बोलणं तुमचंच चालायचं.

तेव्हा टीव्ही घे. फक्त लक्षात ठेव, हल्लीचा टीव्ही म्हणजे भिंतीला टांगलेला मोठा फोनच. ज्याचं खातं घालाल त्याच्याच आवडीचं पुढ्यात वाढत राहील, आणि एक भाग संपला की विचारल्याशिवाय दुसरा सुरू करील. ते आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद कर. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पाळीनं वाटून घ्या. ज्याची पाळी त्याचं बाकीच्यांनी बघायचं, फोन खाली ठेवून. चिरंजीवांच्या पाळीला तो खेळणी खोक्यातून काढून दाखवणारा माणूस अर्धा तास बघावा लागेल. डोकं उठेल. उठू दे. जावयांच्या पाळीला जुनी कसोटी लागेल, तीही सोस. आक्काच्या पाळीला मात्र मधेमधे विचारत जा : ही कोण? हिचा नवरा कुठं गेला? तिला सांगायला आवडतं, आणि मागचे दोनशे भाग तिला तोंडपाठ आहेत.

रविवारी ड्रिल घेऊन येतो. तुझ्या इंटिरियरवाल्यानं भिंतीवर खूण केली आहे ती फार वर आहे, दुकानातल्या पाटीसारखी. मी आल्याशिवाय भोक पाडू देऊ नकोस. आक्काला तिच्या खुर्चीत बसवून, तिच्या नजरेच्या उंचीला खूण करू. मान वर करून बघितलं की तिला रात्रभर दुखते.

तुझा,
मामा