पायलीवरची शीग कोणाची?

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात कडा हे बाजारपेठेचे गाव आहे. आज तेथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. २०२२ पासून रेल्वेही धावते. पण तुमच्या पणजोबांच्या काळी या भागातली ज्वारी बाजारात कशी जात असे आणि कशी विकली जात असे, ते पाहू या.

१९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जवळची रेल्वे म्हणजे १८७८ साली सुरू झालेला दौंड–मनमाड मार्ग. त्यावरचे नगर स्थानक कड्याहून पन्नासएक किलोमीटर, आणि तेही इंग्रजी मुलखात. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य नेत. पुढे बैलगाड्या आल्या. भरलेली गाडी तासाला जेमतेम तीन किलोमीटर चाले. म्हणजे नगरला जायला दोन दिवस! वाटेत हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. एवढ्या कष्टाने आणलेला माल परत नेणे शेतकऱ्याला परवडत नसे, आणि हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असे.

धान्य तेव्हा वजनावर नव्हे, तर मापाने विकले जाई. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. मापाडी ‘लाभ, दोन, तीन’ असे मोजत माप ओती. माप काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग राहतो, ती शीग. खरी गोम या शिगेत आहे.

समजा, एक माप २० सेंटिमीटर व्यासाचे आणि तितकेच खोल आहे. दुसरे ३० सेंटिमीटर व्यासाचे, पण ९ सेंटिमीटर खोल आहे. गणित करून पाहा : दोन्हींत सुमारे ६.३ लिटर धान्य मावते. आता शीग लावा. धान्याचा ढीग शंकूसारखा होतो. त्याची उंची त्रिज्येच्या निम्मी धरू. शंकूचे घनफळ म्हणजे पाया गुणिले उंची, भागिले तीन. पहिल्या मापावर शीग येते सुमारे अर्धा लिटर. दुसऱ्यावर पावणेदोन लिटरांहून थोडी अधिक! माप तेच, पण पसरट तोंडामुळे शीग तिपटीहून मोठी. शिवाय माप हलवले किंवा ठोकले की दाणे दाटून बसतात आणि आणखी धान्य मावते. ओलसर दाणा फुगतो, तो वेगळाच. मग सांगा, पसरट मापाने माल घेण्यात फायदा कोणाचा?

भावही उघड नसे. अनेक बाजारांत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा. पण त्याला काही कळत नसे.

ही अडचण केवळ आपलीच नव्हती. अमेरिकेतील गवताळ मैदानांवरचे शेतकरीही गव्हाची पोती गाडीने रेल्वेपर्यंत नेत आणि ‘बुशेल’ या मापाने विकत. १८५०–६० च्या दशकात शिकागोच्या धान्यबाजाराने बुशेल वजनावर ठरवला : ६० पौंड गहू म्हणजे एक बुशेल. वजनाला शीग नसते!

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली. महाराष्ट्राच्या १९६३ च्या शेतमाल बाजार कायद्याखालील बाजार समित्यांत उघड लिलाव आणि तोलाईची पद्धत रुजली. बाजारभाव आजही चढतो-उतरतो. पण काट्यावरचा आकडा शेतकरी स्वतः वाचू शकतो.

करून पाहा : एक डबा ज्वारीने हलक्या हाताने भरा, वरचा भाग पट्टीने सपाट करा आणि वजन करा. आता तोच डबा ठोकून-ठोकून भरा, सपाट करा आणि पुन्हा वजन करा. फरक किती टक्के आला? शंभर डबे विकणाऱ्या शेतकऱ्याचे त्यात किती डबे गेले असते? उत्तर वर्गात सांगा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : तुमच्या गावी मापावरची शीग कोणाची मानत?