फळ्यांवरून कांठास
अभ्यासपाठ. वाचावें: प्रेषितांचीं कृत्यें 27:9–44



पावसाळ्याच्या आरंभीं आपल्या मंडळ्यांत एक बोलणें हटकून ऐकूं येतें: देव राखणारा आहे, मग तयारी करणें हा अविश्वास होय. हें बोलणें भक्तीचें दिसतें. पण पौलाच्या जलप्रवासाचा वृत्तांत वाचला म्हणजे तें टिकत नाहीं. तारवांत 276 माणसें होतीं. त्यांतील एकाचाहि जीव जाणार नाहीं, असें देवदूतानें पौलास आधींच कळविलें होतें. तरी पौल स्वस्थ बसला नाहीं. खलाशी होडी घेऊन पळूं पाहतात हें ओळखून त्यानें शताधिपतीस सावध केलें. चवदा दिवसांच्या उपाशी लोकांस अन्न घ्यावयास लावलें. शेवटीं पोहणारे आधीं उतरले आणि बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर कांठास लागले. देवाचें वचन पुरें झालें तें त्या फळ्यांवरून.

हा वृत्तांत दूरच्या समुद्राचा असला तरी कृष्णाकांठास परका नाहीं. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी 45 फूट धरतात. 2019 च्या ऑगस्टांत पाणी 57 फुटांवर गेलें. त्याच पुरांत, 8 ऑगस्ट रोजीं, पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली व कित्येक जीव गेले. त्यांत बायका होत्या, लेंकरेंहि होतीं. होडींत भार अधिक झाला होता.

कृष्णेचा पूर बहुधा तासातासानें चढतो; निघण्यास वेळ मिळतो. पण धान्य, शेळ्या, पेटी यांच्या मायेनें आपण अखेरच्या होडीची वाट पाहतों. त्या तारवावरील लोकांनीं जीव वांचविण्यास गहूं समुद्रांत टाकला (वचन 38). आपल्याला एक पोतें सोडवत नाहीं! जनावरांचीं दावीं सोडून वेळेवर बाहेर पडणें ही पहिली विद्या होय, आणि हिला कोणी विद्या म्हणत नाहीं.

दुसरी विद्या तरंगण्याची. पूर्वीं विहिरींत पोरें शिकत तीं पाठीस सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचें लांकूड बांधून. आज घरोघरीं तेलाचे पांच लिटरचे रिकामे डबे पडलेले असतात. झाकण घट्ट लावलेले असे दोन डबे काखेखालीं छातीशीं आवळून बांधले, तर मोठ्या माणसाचेंहि तोंड पाण्याबाहेर राहूं शकतें. पुरांत शिरण्याचा हा परवाना नव्हे. होडींत चढतांना जाकीट न मिळाल्यास करावयाचा हा उपाय आहे. कोणी बुडत असेल तर मागें उडी घालूं नये, कारण बुडणाऱ्याची मिठी दोघांनाहि खालीं नेते. कांठावर आडवें पडून कासरा किंवा लुगडें फेकावें. कासरा नेमका फेकण्यास सराव लागतो. तो आपल्या तरुणांनीं उन्हाळ्यांतच करावा.

पुरांत साप घरांत शिरतो. दंश झाल्यास कापूं नये, चोखूं नये, करकचून बांधूं नये. बांगड्या, जोडवीं काढून तो हात वा पाय फळीस सैलसा बांधावा, म्हणजे हालणार नाहीं, आणि रोग्यास तडक सरकारी दवाखान्यांत न्यावें. मांत्रिकाकडे गेलेला तास परत येत नाहीं. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून वरचेवर पाजावें.

पाटणकडील मंडळ्यांस भय पाण्याहून मातीचें. जुलै 2021 मध्यें आंबेघर, मिरगांव येथें डोंगर कोसळून घरें गाडलीं गेलीं. उतारावर नवी भेग पडणें, दार एकाएकीं अडकूं लागणें, झऱ्याचें पाणी अकस्मात् गढूळ होणें, या खुणा दिसतांच अंधार पडण्यापूर्वीं घर सोडावें.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न: पौलाचा पहिला इशारा (वचनें 9–11) शताधिपतीनें कोणाच्या बोलण्यावरून मानला नाहीं? आपल्या गल्लींत चालतां न येणारीं माणसें किती आहेत, आणि त्यांना उचलण्यास कोण जाणार, हें नांवानिशीं ठरलें आहे काय?