तणातली भाजी : आधी ओळख, मग चूल



जुलै-ऑगस्टात आडसाली लागण होते आणि उसाचा कोंब वर यायच्या आत सरीत तण हजर होते. आपण त्याला तण म्हणतो, पण खुरपायला आलेल्या बायका त्यातूनच संध्याकाळच्या कालवणाची सोय करून घरी जातात. तांदुळजा, घोळ, कुर्डू, केना या पावसाळ्यातल्या भाज्या. पूर्वहंगामी आणि सुरू लागणीत थंडीत चाकवत, पाथरी येते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात, भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडे, महादेव कोळी व ठाकर आयाबायांना या भाज्या पानावरून, देठावरून, वासावरून कळतात. आपल्या बागायती गावांत मात्र ही ओळख पुसट होत चालली आहे. नव्या सुनेला मेथी-पालक कळतो, घोळ कळत नाही. म्हणून हा पाठ.

एक गोष्ट उसाच्याही फायद्याची आहे. पहिले तीन-चार महिने तणाने उसाचे नुकसान सर्वांत जास्त होते. रानभाजीही फुलावर येण्यापूर्वी, कोवळी असतानाच खायची असते. म्हणजे भाजीची वेळ आणि खुरपणीची वेळ एकच. तण बी धरायच्या आत उपटले तर पुढच्या हंगामाचाही त्रास कमी होतो.

भाजी आणि तिच्यासारखे दिसणारे

१) घोळ : जमिनीलगत पसरते. खोड गुळगुळीत, लालसर, गोल. पान जाड, रसाळ, चमच्यासारखे. फूल लहान, पिवळे. हिच्याच शेजारी दुधी (नायटी) पसरते. तिचे पान पातळ असते. काडी मोडून पाहावी. घोळीतून पाण्यासारखा रस येतो, दुधीतून पांढरा चीक येतो. चीक आला तर ती घोळ नव्हे.

२) पाथरी : हिलाही मोडल्यावर पांढरा चीक येतो, तरी ही खायची भाजी आहे. पाने जमिनीवर पसरलेली, कडा दातेरी, फूल पिवळे. कोवळी पाने भाकरीबरोबर कच्चीही खातात. सांगायचे कारण, 'चीक म्हणजे विष' असा एकच नियम सगळीकडे लावता येत नाही. पान, खोड आणि फूल किंवा वास अशा तीन खुणा जुळल्या तरच ओळख पक्की धरावी.

३) टाकळा : प्रत्येक देठावर पानांच्या तीन जोड्या. पानाचे टोक गोलसर, रात्री पाने मिटतात. शेंग बारीक, लांब, वाकडी. त्याचा भाऊ शोभेल असा कासविंदा. त्याच्या जोड्या चार-पाच, पानाचे टोक अणकुचीदार, वास उग्र, शेंग चपटी. कासविंद्याच्या बिया लहान मुलांना घातक आहेत. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात, म्हणजे आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यात, दर वर्षी थंडीच्या सुमारास मुले दगावत होती. त्याचे संभाव्य कारण या बिया खाणे हेच आहे, असे डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. बांधावरचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच मुळासकट काढावा.

४) कुळी (फोडशी) : डोंगरउताराची भाजी, पावसाळ्यात बाजारात जुड्या येतात. पाने गवतासारखी लांब, सगळी जमिनीतूनच निघतात, बुडाशी पांढरी असतात. खाली मुळांचा झुबका असतो. कळलावीला मात्र उभे खोड असते व पानाचे टोक दोऱ्यासारखे वळलेले असते. कळलावी सर्वांगाने विषारी आहे. पानांखाली मोठा कांदा लागला तर तो रानकांदा समजावा व सोडून द्यावा.

५) तांदुळजा व माठ : ओळखीची भाजी, पण ओंजळीने उपटताना धोतऱ्याचे रोप मध्ये येते. धोतऱ्याचे पान मोठे, कडा वेड्यावाकड्या, चुरगळल्यावर घाणेरडा वास. म्हणून भाजी उजेडात, एकेक काडी निवडावी.

गैरसमज सोडावेत

शेळी खाते म्हणून माणसाला चालते, हे खरे नाही. चव घेऊन पाहणे ही परीक्षा नव्हे. उकळले की विष जाते हेही खरे नाही. कळलावी आणि धोतऱ्याचे विष शिजवूनही राहते.

तणनाशक मारलेल्या शेतातली भाजी नको

ओळख पक्की असूनही घात होऊ शकतो तो इथे. उसात आपण अॅट्राझीन, मेट्रिब्युझीन, २,४-डी वापरतो. २,४-डी मारल्यावर रुंद पानाचे तण पिळवटते, ते कळते. पण फवारणीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत तण टवटवीत दिसते आणि तेच कोणीतरी ओटीत भरते. धुतल्याने पानात शिरलेले औषध निघत नाही. त्यामुळे सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

- फवारलेल्या शेताच्या बांधावर काठीला लाल फडके लावावे.
- त्या शेतातली भाजी त्या हंगामात कोणी तोडू नये.
- खुरपणाऱ्या बायकांना व ऊसतोड मजुरांना तोंडी सांगावे. तोडणीवाले बाहेरगावचे असतात. शेजारच्या सुरू लागणीत काय मारले आहे, हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.
- घरच्या भाजीसाठी एखादा बांध बिनफवारणीचा राखावा. टोमॅटो-द्राक्षाच्या फवाऱ्याखालचा बांध त्यासाठी धरू नये.

शिजवताना

चाकवत हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे घालून ताकात करावी. कुळी स्वच्छ धुऊन, बारीक चिरून, मुगाच्या डाळीत परतावी. कोवळा टाकळा उकडून, पिळून, लसूण-मिरचीवर टाकावा, कडवटपणा कमी होतो. घोळ व चाकवत यांत ऑक्झॅलेट असते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या बेतानेच खाव्यात, उकडलेले पाणी टाकून द्यावे. नवी भाजी पहिल्यांदा थोडीच करावी, आणि फुलासकट एक काडी बाजूला ठेवावी.

जेवणानंतर उलट्या, तोंडाला कोरड, बडबड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे असे काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. मुद्दाम उलटी काढू नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. ती राखलेली काडी बरोबर न्यावी. डॉक्टरांचे निम्मे काम ती करते.

शंका असेल ते रोप मुळासकट, फुलासकट वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या गटाच्या ऊस विकास कार्यालयात आणावे. गावातल्या जाणत्या आजीकडे आधी न्यावे, हे अधिक उत्तम. तिची ओळख सुनेपर्यंत पोचली, तर ही भाजी पुढेही ताटात राहील.

— ऊस विकास अधिकारी