तारुण्याच्या उंबरठ्यावर गेलेला मुलगा: आठवण, अश्रू आणि सब्र

ज्या घरातून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा जनाजा निघाला, त्या घरातील शांतता वेगळीच असते. मिसरूड फुटू लागलेला मुलगा जातो, तेव्हा बापाच्या खांद्याला खांदा लावून ईदगाहला जाणारा सोबतीच जातो. त्याच्या चपला दाराशी तशाच असतात, दहावीची पुस्तके कपाटात असतात आणि आई नकळत एक ताट जास्त मांडते. अशा मातापित्यांच्या मनात दोन प्रश्न घोळत राहतात. त्याच्या आठवणीने रडणे म्हणजे ईमानातील कच्चेपणा तर नव्हे? आणि आता त्याच्यासाठी आपण काय करू शकतो?

अश्रूंना मनाई नाही

आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांना सात अपत्ये झाली. हजरत फातिमा (रजि.) वगळता सहाही अपत्यांचा वियोग त्यांनी हयातीत सोसला. हिजरी सन १० मध्ये चिमुकले इब्राहीम त्यांच्या हातांत अखेरचे श्वास घेत होते, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून आसवे वाहू लागली. एका सहाबींना आश्चर्य वाटले. तेव्हा पैगंबरांनी (स.) समजावले की ही करुणा आहे, डोळे पाणावतात, अंतःकरण दुःखी होते, परंतु जिभेवर तेच येते जे आपल्या पालनकर्त्याला पसंत असेल. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, इब्राहीमसाठी सूर्य काळवंडला. पैगंबरांनी (स.) ही समजूत तत्काळ खोडून काढली. स्वतःच्या पुत्रशोकातही त्यांनी सत्याला धक्का लागू दिला नाही.

हजरत याकूब (अ.) यांचा वृत्तांत सूरह यूसुफमध्ये आहे. पुत्रवियोगाने त्यांचे डोळे पांढरे पडले. घरच्या माणसांनीच त्यांना बोल लावला. त्यांनी एवढेच सांगितले की माझे दुःख आणि माझी व्यथा मी केवळ अल्लाहपुढे मांडतो (१२:८४-८६). म्हणजे सब्र याचा अर्थ मन दगडाचे करणे नव्हे. तक्रार अल्लाहविषयी न करता अल्लाहजवळ करणे, हा सब्र आहे. छाती पिटणे, कपडे फाडणे, नशिबाला शिव्याशाप देणे यांस मात्र मनाई आहे.

एक पिता, एक पुत्र

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) हिजरी सन ९९ मध्ये खलीफा झाले. त्यांचा पुत्र अब्दुल मलिक तेव्हा कोवळ्या वयाचा होता. आधीच्या खलीफाचा दफनविधी आटोपून थकलेले उमर थोडे पडावे म्हणून घरी आले. पुत्राने विचारले, लोकांच्या बळकावलेल्या मालमत्ता परत करण्याआधीच आपण झोपणार? पिता म्हणाले, जुहरनंतर ते काम करीन. मुलाने विचारले, जुहरपर्यंत आपण जगाल याची हमी कोणी दिली? पित्याने त्याला जवळ घेतले, कपाळाचे चुंबन घेतले, धर्मकार्यात साहाय्य करणारी संतती दिल्याबद्दल अल्लाहची स्तुती केली आणि विश्रांती न घेताच ते बाहेर पडले.

हा पुत्र वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच आजारी पडून वारला. त्याच सुमारास उमर यांचा भाऊ सहल आणि विश्वासू सेवक मुजाहिम हेही गेले. रिवायतींत येते की मुलाच्या दफनानंतर कबरीपाशी उभे राहून पित्याने त्याच्यासाठी दुआ केली, तो पित्याशी कसा सद्वर्तनी होता हे सांगितले आणि अल्लाहच्या निर्णयावर आपण राजी आहोत असे जाहीर केले. मग ते राज्यकारभाराकडे वळले. मुलाने ज्या कामाची घाई केली होती, ते काम पुढे चालवणे हीच त्यांनी जपलेली आठवण होती. हिजरी सन १०१ मध्ये त्यांचेही निधन झाले.

किशोरासाठी काय करावे?

येथे एक बाब नीट समजून घ्यावी. आईच्या नजरेत सोळा वर्षांचा मुलगा बालकच असतो. शरीअतच्या दृष्टीने मात्र तो बहुधा बालिग झालेला असतो. त्याच्या कर्मांचा हिशेब त्याच्या नावे सुरू झालेला असतो. म्हणून त्याला केवळ आसवांची नव्हे, तर आपल्या दुआंची गरज आहे. त्याच्यासाठी मगफिरत मागा. मित्राकडून घेतलेले उसने पैसे, कोणाची वही, कोणाची सायकल, जे काही त्याच्याकडे राहिले असेल ते शोधून परत करा. त्याने कोणाचे मन दुखावले असेल तर त्याच्या वतीने माफी मागा. त्याच्या नावे सदका द्या. त्याची पुस्तके कपाटात धूळ खात ठेवण्यापेक्षा गरजू विद्यार्थ्याच्या हाती गेली, तर त्या आठवणीला फळ येईल.

दुसरी बाब ‘जर-तर’ची. त्या दिवशी मोटारसायकलची किल्ली दिली नसती तर? दुसऱ्या डॉक्टरकडे नेले असते तर? हे प्रश्न पालकांना रात्र-रात्र जागवतात. पैगंबरांनी (स.) शिकविले आहे की संकट कोसळल्यावर ‘मी असे केले असते तर’ असे म्हणू नये, ‘जर’ हा शब्द सैतानाच्या कारस्थानाला दार उघडून देतो. चूक झाली असेल तर तौबा करावी, इतरांच्या मुलांना सावध करावे. परंतु पती-पत्नीने एकमेकांना दोष देऊन उरलेले घरही मोडू नये. मागे राहिलेल्या भावंडांनाही आईबाप हवे असतात.

अल्लाहचे वचन

बुखारी शरीफमधील एका हदीसचा आशय असा: अल्लाह ज्या ईमानवंताच्या जिवलग व्यक्तीला या जगातून उचलून घेतो आणि तो पुण्याची आशा बाळगून सब्र करतो, त्याच्यासाठी जन्नतवाचून दुसरा मोबदला नाही. येथे वयाची अट नाही. ‘जिवलग’ असणे पुरेसे आहे. आणि सूरह तूरमध्ये वचन आहे की ईमानात मातापित्यांच्या मागे चाललेली संतती त्यांना जन्नतमध्ये भेटविली जाईल (५२:२१).

तेव्हा वाचकहो, तुमच्या शेजारी असे घर असेल तर तीन दिवसांनी त्यांना विसरू नका. त्या मुलाचे नाव घेण्याचे टाळू नका. त्याचे नाव घेऊन दुआ करा. आणि तुमचा मुलगा तुमच्याजवळ असेल, तर आज त्याच्यासोबत नमाजला जा. तो अल्लाहची अमानत आहे.

हे अल्लाह! ज्यांच्या काळजाचे तुकडे तू परत बोलावलेस, त्यांना उत्तम सब्र दे, त्यांच्या मुलांना क्षमा कर आणि त्यांची भेट जन्नतच्या दारी घडव. आमीन.