वेबसाइट फास्ट करायची? आधी ठरवा, कोणती माहिती शिळी चालेल

सेटिंग कुठे क्लिक करून बदलायच्या ते व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे त्यामागचा विचार लिहितोय, कारण बटणं दाबता येतात, पण कोणतं दाबायचं नाही हे कळायला थोडं डोकं लावावं लागतं.

समजा रिसोडला तुमचा हळद पावडर आणि तूरडाळीचा घरगुती व्यवसाय आहे. वर्डप्रेसवर वेबसाइट बनवली, त्यावर वूकॉमर्स टाकलं. ग्राहकाने व्हॉट्सअॅपवरची लिंक उघडली, पान यायला सहा सेकंद लागले, त्याने बॅक दाबलं. तुम्ही ओळखीच्या पोराला विचारलं, तो म्हणाला, "कॅशिंग प्लगिन टाका." टाकलं. वेबसाइट पळायला लागली. आठ दिवसांनी हळदीचा भाव वाढवला आणि नवीनच डोकेदुखी सुरू: तुमच्या मोबाइलवर २४० रुपये दिसतात, ग्राहकाच्या मोबाइलवर २१०. तो स्क्रीनशॉट पाठवतो. आता ३० रुपये सोडायचे की ग्राहक?

कॅश म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स

बँकेत सातबारा लागतो, सोसायटीत लागतो. आपण दर वेळी नवीन काढायला जात नाही. एकदा काढतो, पाच झेरॉक्स करून फायलीत ठेवतो. काम पटकन होतं. पण मधेच फेरफार झाला, वारसाचं नाव चढलं, की ती झेरॉक्स कितीही स्वच्छ असली तरी कामाची राहत नाही.

वर्डप्रेसचंही तसंच. कुणी पान उघडलं की सर्व्हरवर पीएचपी चालतं, ते डेटाबेसला विचारतं: नाव काय, भाव काय, फोटो कोणता, मेनूत काय काय. मग सगळं जोडून पान तयार होतं. पुढचा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून तेच. पेज कॅश हे तयार झालेलं पान बाजूला ठेवतं आणि पुढच्याला त्याची प्रत देतं. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत बंजारा कशिद्याच्या पिशव्या विकणाऱ्या एखाद्या गटाची लिंक ग्रुपमध्ये फिरली आणि ३०० जणांनी एकाच वेळी तेच पान उघडलं, तर स्वस्त शेअर्ड होस्टिंग कॅशशिवाय धापा टाकतं. कॅश असेल तर आरामात निभावतं.

म्हणून प्लगिन शोधण्याआधी एक कागद घ्या आणि प्रत्येक पानापुढे लिहा: ही माहिती किती वेळ जुनी चालेल? 'आमच्याबद्दल' महिनाभर जुनं असलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. भाव? बाजार समितीत तुरीचा दर रोज हलतो, त्यावर तुमचा डाळीचा दर ठरतो, म्हणजे इथे तास-दोन तासांपेक्षा जास्त नको. आणि कार्ट, चेकआउट, 'माझं खातं' ही पानं कधीच कॅश करायची नाहीत. एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याला दिसला तर ती नुसती तांत्रिक चूक राहत नाही. चांगली प्लगिन वूकॉमर्सची ही पानं आपोआप वगळतात, पण तुम्ही चेकआउटचं पान स्वतः वेगळं बनवलं असेल तर ते वगळलंय का, हे डोळ्यांनी बघा.

झेरॉक्स कुठे ठेवायची?

पहिली जागा तुमचा सर्व्हर. होस्टिंगवाल्याला एकच प्रश्न विचारा: "सर्व्हर लाइटस्पीड आहे का?" हो म्हणाला तर लाइटस्पीड कॅश हे प्लगिन टाका, त्याची पेज कॅश सर्व्हरमध्येच चालते. अपाचे किंवा एनजिनएक्स असेल तर डब्ल्यूपी सुपर कॅश पुरेसं आहे. दोन्ही फुकट आहेत. पैसे देऊन घेतलेलं प्लगिन वाईट नसतं, पण पहिल्या वर्षी ते पैसे पाकिटांच्या छपाईला ठेवा, असं माझं मत. आणि दोन पेज कॅश प्लगिन एकत्र कधीच टाकू नका. दोघांनाही वर्डप्रेसमधली एकच फाइल आपल्या ताब्यात हवी असते, मग भांडण ठरलेलं.

दुसरी जागा ग्राहकाचा मोबाइल, म्हणजे ब्राउझर कॅश. लोगो, फोटो, डिझाइनच्या फाइली तिथे वर्षभर राहू द्या. पण भाव असलेलं पान तिथे जास्त वेळ ठेवायला सांगू नका, कारण सर्व्हरवरची झेरॉक्स तुम्ही फाडू शकता, ग्राहकाच्या खिशातली नाही. फोटो बदलायचा असेल तर नवीन नावाने अपलोड करा. जुन्या नावाने टाकलात तर जुना फोटोच दिसत राहतो.

तिसरी जागा सीडीएन. यात तुमच्या फाइलींच्या प्रती वेगवेगळ्या शहरांत ठेवतात. क्लाउडफ्लेअरची केंद्रं मुंबईत आहेत, नागपुरातही आहेत आणि फुकट प्लॅन मिळतो. पण ते आपणहून फक्त फोटो आणि डिझाइनच्या फाइली साठवतं. खुद्द पान दर वेळी तुमच्या सर्व्हरवरूनच येतं. होस्टिंग अमेरिकेत असेल तर भारतातून एका फेरीला साधारण २०० मिलिसेकंद किंवा जास्तच लागतात, आणि सुरक्षित जोडणी होऊन पानाचा पहिला तुकडा हाती यायला अशा दोन-तीन फेऱ्या होतात. ग्राहक वाशिम, अकोला, अमरावतीचे असतील तर आधी मुंबईतलं होस्टिंग बघा, सीडीएन नंतर.

ऑब्जेक्ट कॅश, रेडिस वगैरे नावं कानावर येतील. डेटाबेसची उत्तरं साठवायचा तो प्रकार. हजारो वस्तू आणि दिवसभर लॉगिन केलेले ग्राहक असतील तर उपयोगी. वीस वस्तूंच्या दुकानाला सध्या गरज नाही.

आधी मोजा

गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये तुमची लिंक टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. दोन आकडे पुरे. सर्व्हरचं पहिलं उत्तर ०.८ सेकंदाच्या आत हवं. पानातला सगळ्यात मोठा भाग, बहुतेक वेळा वरचा फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. पहिला आकडा वाईट असेल तर पेज कॅशने फरक पडेल. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर दुखणं वेगळं आहे: मोबाइलवर काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच चिकटवलाय. पहिल्यांदा येणाऱ्याला तो कॅश असला तरी पूर्ण डाउनलोड करावाच लागतो. तो लहान करा, प्लगिन नंतर.

तुम्हाला २४०, ग्राहकाला २१० का?

कारण तुम्ही अॅडमिन म्हणून लॉगिन असता. लॉगिन केलेल्याला प्लगिन सहसा ताजं पान देतं, बाहेरच्याला झेरॉक्स. म्हणून मालकाला गडबड सगळ्यात शेवटी कळते. त्यात वूकॉमर्स कार्टमध्ये भाव डेटाबेसमधून ताजा घेतं. म्हणजे ग्राहक २१० बघून बटण दाबतो आणि कार्टमध्ये २४० येतात. त्याला वाटतं, याने फसवलं.

वस्तूचा भाव नेहमीच्या पद्धतीने बदलला तर प्लगिन त्या वस्तूचं पान स्वतः पुसतं. पण होमपेजवर तुम्ही हाताने टाइप केलेला दरांचा तक्ता वेगळाच असतो, तो त्याला कळत नाही. तो तक्ता काढून टाका आणि भाव एकाच जागी ठेवा.

कॅशचा कालावधी दहा तासांच्या वर नेऊ नका, भाव नसलेल्या पानांचाही. वर्डप्रेस फॉर्ममध्ये सुरक्षेचा एक कोड टाकतं, तो १२ ते २४ तासांत बाद होतो. पान त्याहून जुनं असेल तर त्या कोडवर चालणारा चौकशी फॉर्म भरला तरी जात नाही, आणि तुम्हाला वाटतं, चौकशीच येत नाहीत.

भाव बदलल्यावर आधी प्लगिनमधली कॅश पुसा, मग सीडीएनची. उलट केलंत आणि सीडीएनवर तुम्ही पानंही साठवत असाल, तर ते सर्व्हरवरची जुनीच झेरॉक्स पुन्हा उचलून नेतं. त्यानंतर घरातल्या दुसऱ्या कुणाचा मोबाइल घ्या, वायफाय बंद करून इनकॉग्निटोमध्ये पान उघडा आणि भाव वाचा. २४० दिसले की मगच व्हॉट्सअॅपवर लिंक टाका.