रानात शिरण्याआधी

चांदोलीला जायचं म्हणतेस, तर खुशाल जा. पण त्याआधी घटकाभर माझ्याजवळ बस. ज्या रानात तुम्ही सहाजणी जीपमधून फिरणार आहात, तिथं माझं माहेर होतं. वारणेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत वीस-पंचवीस उंबऱ्यांचं गाव. १९८५ साली अभयारण्य झालं आणि पुढं आम्ही उठलो. २००४ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, तोवर आमची माणसं खालच्या मुलखात, वसाहतीत रुळायला लागली होती. सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांना टेकलेलं ते ३१७.६७ चौरस किलोमीटरचं रान २०१० पासून कोयनेच्या अभयारण्यासकट वाघासाठी राखलंय. आम्ही नाचणी-वरी पिकवायचो त्या तुकड्यांत आता गवत माजतं आणि त्या गवतावर गवे, सांबरं चरायला येतात. ती जागा कुणीतरी सोडली म्हणून मोकळी झालीय, एवढं तिथं पाय टाकताना ध्यानात असू दे.

पावसाळ्यात उद्यान बंद असतं. त्या दिवसांत आडवाटेनं आत न्यायला कुणी ना कुणी तयार होतं, त्याच्या नादी लागू नकोस. आधी नोंदणी करायची, गेटवर नाव लिहायचं, तिथल्याच गावचा वाटाड्या सोबत घ्यायचा आणि तो सांगेल ते ऐकायचं. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यायचे. त्या पैशात त्याच्या पोरांची शाळा असते, आणि रान राखण्यात घरच्या माणसाचं पोट गुंतलं की गावही रानाकडं डोळ्यात तेल घालून बघतं.

तयारी घरूनच सुरू होते. बुटांच्या खाचांतला चिखल नीट खरवडून धू. मोजे, विजार, पिशवीचे कप्पे उलटे करून झटक. मागच्या सहलीचं कुसळ, घाणेरीचं बी, रानमोडीचा केसाळ तुरा असाच अंगावर बसून रानात जातो. रानमोडी एकदा शिरली की तिच्याखाली गवताचं पातं उगवत नाही, आणि गुरं काय, गवाही तिला तोंड लावत नाही. आमच्या लहानपणी ती एवढी नव्हती. आता रस्त्याकडेला बघशील तर तीच दिसेल.

खाणं घरचं ने. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे, स्टीलच्या डब्यात आणि फडक्यात बांधून. पाण्याच्या बाटल्याही स्टीलच्याच. वेफर्सची पुडी फोडताना जो इवलासा कोपरा फाटून पडतो ना, तो वाऱ्यानं गेला की कुणालाच सापडत नाही. आणि संत्र्याची साल, आंब्याची कोय, ‘मातीतच जाईल’ म्हणून टाकू नको. साल सहज कुजत नाही आणि उष्ट्याच्या वासानं माकडं रस्त्यावर येऊन बसतात. मागं एकदा मीच चुकले. गेटजवळ एका माकडिणीच्या पोटाला पिल्लू बघून मला गहिवरून आलं, हातातला दशमीचा तुकडा तिच्याकडं टाकला. पाचव्या मिनिटाला तिनं मागच्या गाडीतल्या लेकराच्या पिशवीवर झडप घातली. लेकरू रडायला लागलं, त्याच्या बापानं काठी उचलली आणि माकडिणीच्या कमरेत घातली. ती काठी माझ्यामुळं बसली. तेव्हापासून मी रानात कुणाला काही खाऊ घालत नाही.

मोकळं व्हायचं ते गेटवरच होऊन घे. पाळी असेल तर जाड कागद आणि घट्ट झाकणाचा डबा जवळ ठेव, वापरलेलं सगळं घरी परत आण. यात लाजायचं काही नाही. दगडाखाली दडपलं तरी रानडुक्कर ते उकरून काढतं.

आता सड्याचं सांगते, कारण माझा जीव तिथं अडकलाय. झोळंबीच्या सड्यावर उभी राहिलीस की तुला वाटेल, हा तर नुसता काळा दगड, इथं काय बिघडणार? तो जांभा. त्याच्यावर माती कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही, आणि तिच्यात कस नाही. म्हणून तर तिथं दवबिंदू आणि सीतेची आसवं उगवतात. दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब असतात, त्यात किडा अडकला की झाड त्यालाच खतासारखं जिरवून घेतं. सीतेच्या आसवांचं निळं फूल वर डोलतं, पण मुळाशी त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात, त्या ओल्या मातीतले जीव आत ओढून घेतात. पाऊस ओसरता ओसरता गेलीस तर यातलं थोडं तरी दिसेल. सगळं सुकल्यावर गेलीस तर काहीच दिसणार नाही, पण पुढच्या पावसाचं बी त्याच बोटभर मातीत निजलेलं असतं. तेव्हा उघड्या दगडावरनं चाल, एकामागनं एक, पसरू नका. फोटोसाठी मातीच्या थरावर लोळू नका.

आणि सड्यावरचे दगड उचलू नका. हल्ली पोरं एकावर एक दगड ठेवून लगोऱ्या रचतात आणि फोटो काढून निघून जातात. त्या प्रत्येक दगडाखाली कुणाचं तरी बिऱ्हाड असतं. पाल, विंचू, बेडूक, कधी देवगांडूळ. हे देवगांडूळ सापही नाही आणि गांडूळही नाही, बेडकाच्याच गोतातलं, ओल धरून राहणारं. आमच्याकडं साप समजून कितीतरी ठेचली लोकांनी. मीही ठेचलंय एक, दहा-अकरा वर्षांची असताना. दगड उलटा केला की खालची ओल उडून जाते, मग तो परत ठेवून उपयोग नसतो.

पाण्याचंही तसंच आहे. माझा आजा ओढ्याला वाकून तोंड लावू द्यायचा नाही. ओंजळीनं किंवा पानाच्या द्रोणानं पाणी काढायचं, प्यायचं वर, गुरं खाली, आणि धुणं त्याच्याही खाली. तुम्ही तर साबण, शॅम्पू, अंगाला लावायची ती उन्हाची मलमं घेऊन जाता. बेडूक कातडीतनं श्वास घेतो. तुझ्या हाताचा फेस त्याच्या अंगावर गेला की त्याचं काय होत असेल बघ. पाय बुडवायचा मोह झाला तरी आवर.

रानात बोलणं कमी. गाणी नाहीत, भडक अत्तर नाही. पाखरू दिसत नाही म्हणून मोबाईलवर त्याची शीळ वाजवू नको, त्याला वाटतं दुसरा नर घर बळकावायला आला, आणि चारा शोधायचं सोडून ते बिचारं भांडायला धावतं. धनेशाचं तर फारच जपायला हवं. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच मावेल एवढीच फट उरते. नर फळं आणून त्या फटीतनं भरवतो. तुम्ही झाडाखाली तासभर घुटमळलात तर तो जवळ येत नाही, आणि आत मायलेकरं उपाशी राहतात. असं झाड दिसलं तर दोन मिनिटांत पुढं सरक, आणि ते कुठं आहे हे मोबाईलवरनं कुणाला कळवू नको. गवा समोर आला तर गाडी थांबवून गप्प बसायचं, हॉर्न नाही, खाली उतरणं नाही. हजार किलोच्या घरातलं जनावर, शांत दिसतं म्हणून सलगी करू नये.

फाल्गुन लागला की गवत बारुदासारखं असतं. आम्हीही पूर्वी राबासाठी आगी लावल्या, वाऱ्यानं त्या हाताबाहेर गेल्या, ते मी झाकणार नाही. वनखात्याची माणसं उन्हात जाळरेषा काढत फिरतात, तेव्हा कुठं रान वाचतं. तुमच्यातली कुणी सिगारेट ओढत असेल तर काडेपेटी गेटवरच ठेवायला सांग.

बाहेर आल्यावर गावात जेवा. भाकरी, पिठलं, ठेचा, घरची बाई करून देईल. पण ‘रानातलं मटण मिळेल का’ असं चेष्टेतही विचारू नका. विचारणारा आला की देणारा तयार होतो. आणि घाटातनं अंधार पडायच्या आत उतरा. गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपून ससा, साळिंदर जागच्या जागी थिजतं.

आमच्या गावची जोती वाटाड्याला ठाऊक असतील, पण वाट तिकडून जात नसेल तर हट्ट धरू नको. गेलीच तर देवळापुढच्या वीरगळींना हात लावू नको, नारळ-अगरबत्तीची प्लास्टिकची पिशवी तिथं ठेवू नको. आणि माझ्यासाठी तिथली माती आणू नको. तुझ्या पणजीनं उठताना पदरात बांधून घेतली होती. वसाहतीतल्या तुळशीत घातली, आणि वर्षभरानं म्हणाली, तिथंच ठेवायला हवी होती गं.

आत रेंज नसते. गेटवर परत आलीस की फोन कर, मी जागी असेन.