महाबळेश्वरचे तळे

गेल्या मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला जाऊन आलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. उभा जन्म मास्तरकीत गेला, पण नुसती हवा खायला म्हणून कधी घर सोडले नव्हते.

नातवंडांच्या आजीला सातारा जिल्हा नवा नव्हता. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला ती तिकडे जाई. त्यामुळे शाळा झाली नाही. आम्ही गावची पोरे शिकवली, पण घरात अक्षर शिकवायला सवड काढली नाही. ही चूक आमचीच. साठीला टेकल्यावर ती अक्षर शिकली. ती म्हणाली, "फडातून डोंगर दिसायचा, पण वर बघायला वेळ कुठं होता?"

एस.टी.ने पुणे, पुढे वाई. मग पसरणीचा घाट लागला. मोटार वळणे घेत वर चढली आणि अंगाला गार वारा लागला. असे का होते? जमिनीपासून जसजसे उंच जावे, तसतशी हवा थंड होते. हजार मीटर चढलो की साधारण सहा अंश उष्णता कमी होते. महाबळेश्वर समुद्रापासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. आपले बीड सुमारे ५०० मीटरवर आहे. आता गारवा का, ते कळले ना?

दुसऱ्या दिवशी वेण्णा तळ्यावर गेलो. चहूकडे झाडी, मध्ये निळे पाणी, पाण्यात नावा. मुले हरखली. तेवढ्यात एक माणूस पुढे आला. "चला, मी नाव देतो," म्हणत त्याने भाडे सांगितले. मुलगा पैसे काढू लागला. आजी मात्र पाटीपुढे उभी राहिली. बोट ठेवून एकेक अक्षर जुळवले आणि म्हणाली, "थांब रे बाबा. हिथं तर कमी लिवलंय." माणूस मुकाट्याने निघून गेला. आम्ही खिडकीवर रीतसर तिकीट काढले. मंडळी, त्या दिवशी आम्हांला आमच्या साऱ्या नोकरीपेक्षा त्या एका वाचनाचा अभिमान वाटला.

नावेत बसल्यावर आजीने विचारले, "हिकडं एवढं पाणी, मग आपल्याकडंच का नाही?"

ऐका. समुद्रावरून पावसाळी ढग येतात. सह्याद्रीचा डोंगर त्यांना अडवतो. ढग वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर ओलांडून आपल्याकडे येईतो ढगांत थोडेच उरते. बीडला सरासरी सातशे मिलिमीटरही पडत नाही.

पण नुसत्या पावसाने तळे होत नाही, बरे का! हे तळे माणसाने बांधले आहे. साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली ते बांधवले. आजही गावाला पिण्याचे पाणी यातून मिळते. न अडवलेला पाऊस उतारावरून पळून जातो. म्हणून एवढ्या पावसाच्या मुलखातही उन्हाळ्यात तळ्याचे पाणी खाली जाते.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचे देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम तिथे मानतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. आजीने गोमुखाखाली ओंजळ धरली. ती पाणी प्यायली, पण ओंजळीतला एक थेंब सांडू दिला नाही. दुष्काळी मुलखातल्या बाईची ती सवय!

परतताना ती म्हणाली, "आपल्या वाडवडलांनीबी खजाना विहीर बांधलीच की." खरेच! बीडजवळची ती विहीर सोळाव्या शतकातली. जमिनीखालच्या पाटांनी तिचे पाणी शेतांना मिळत आले. म्हणजे कमी पावसाच्या मुलखातही पाणी राखता येते. मात्र त्यासाठी गावाने हात लावला पाहिजे. आपल्या गावच्या पाझरतलावात गाळ साचला आहे. पहिला पाऊस येण्याआधी तो काढायचा, असे आम्ही घरी आल्यावर ठरवले. पहिले टोपले आजीने उचलले.

सांगा पाहू:
१. उंचावर हवा थंड का असते?
२. बीडला पाऊस कमी का पडतो?
३. आपल्या गावात पाणी कोठे अडवता येईल? चार ओळी लिहा.